पंचांगातील समुद्र

लग्नाच्या खरेदीसाठी मुंबईला जावयाचे ठरले, की बीडच्या मोंढ्यातील व्यापारी घरांत एक मागणी हमखास पुढे येते. कापड आणि दागिने पाहून झाल्यावर एक दिवस समुद्रावर काढावा, असा मुलांचा आग्रह असतो. अलीकडे तर लाटेवर फळी घेऊन उभे राहणारे तरुण त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात आणि तेच करावयाचे त्यांनी मनाशी ठरविलेले असते. त्यांना आधीच सांगितलेले बरे, की तो खेळ शिकण्यासाठी लोक चेन्नईजवळच्या कोवलमला किंवा मंगळुरूच्या उत्तरेकडील मुल्कीला जातात. मुंबईलगतच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटा त्यासाठी पुरत नाहीत आणि पावसाळ्यात त्या माणसाला पुरून उरतात. एका दिवसात जाऊन येण्यासारखे म्हणाल, तर अलिबाग आणि त्याच्या आसपासचे वरसोली, आक्षी, नागाव हे किनारे. काशीद अधिक देखणा आहे. पण तो अलिबागहून आणखी तीसेक किलोमीटर दक्षिणेस असल्याने दिवसाचा बराच भाग रस्त्यातच जातो.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यापर्यंत बोट आणि तेथून अलिबागपर्यंत बस. स्वतःची मोटार बरोबर असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू आहे. ती माणसांसह मोटारही पलीकडे नेते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना त्याची अडचण नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपतो, तोवर समुद्रही निवळलेला असतो.

खरा प्रश्न कोणत्या वारी जावे हा नसून कोणत्या तिथीला जावे हा आहे. समुद्र चंद्राच्या ओढीने चालतो, म्हणून त्याचे वेळापत्रक बोटीच्या तिकिटावर नव्हे, तर पेढीच्या भिंतीवरील पंचांगात असते. जुन्या मुनिमांना पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे तोंडपाठ असत. त्यांतील पाऊणकी मुंबईच्या किनाऱ्यावर आजही उपयोगी पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशोब एकच, आणि भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे दुपारी तीनला तशीच पहाटे तीनच्या सुमारासही. त्यापासून सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज अर्धाएक तास मागेपुढे होतो, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचे छापील किंवा मोबाइलवरील वेळापत्रक पाहावेच. पण सहलीचा दिवस ठरविताना तोंडी हिशोब पुरेसा आहे.

दुसरा हिशोब त्याहून महत्त्वाचा. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी येते. म्हणजे मधल्या अवघ्या दोन तासांत निम्मी भरती होते. आरंभी पाणी इतके संथ चढते, की माणूस निर्धास्त होतो. नंतर ते भराभर चढू लागते, तेव्हा तो किनाऱ्यापासून दूर गेलेला असतो.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. तो पौष वद्य अष्टमीचा दिवस होता. पाऊणकीने पाहिले, तर ओहोटी मध्यान्हीच्या सुमारास आणि भरती सायंकाळी सहाच्या सुमारास येते; वेगाने चढणारे दोन तास दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पडतात. दुर्घटना दुपारीच घडली. अशा घटनेला एकच कारण नसते, हे खरे. तरीही जेवण आटोपून दुपारी पाण्यात उतरण्याची सहलीची सर्वसाधारण रीत त्या तिथीला किती घातक होती, हे हिशोब मांडणाऱ्यास दिसते.

बीड, माजलगाव, अंबाजोगाईकडील मुलांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, आणि तो त्यांना पोहता येते यातूनच निर्माण होतो. विहिरीत किंवा धरणाच्या फुगवट्यात पोहणाऱ्यास पाणी खोल असते एवढेच ठाऊक असते. पाणी ओढते, हे ठाऊक नसते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कोठून तरी परत जावे लागते. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे धावते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि मुलांना घेऊन तो नेमका तेथेच उतरतो. ओढ लागलीच, तर सरळ किनाऱ्याकडे झुंजत राहू नये. चांगला पोहणाराही त्यात थकतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग किनारा गाठावा. पोहता येत नसेल, तर गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. जीवरक्षक किंवा कोळी बांधव एखाद्या जागी उतरू नका म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नये.

आता तिथी निवडावयाची. पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी ज्या घरांत पाळतात, तेथे त्या दिवशी सहल ठेवणे तसेही गैरसोयीचे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तीही भर दुपारी. उरतात त्यांत षष्ठी आणि सप्तमी सर्वांत सोयीच्या. सप्तमीला ओहोटी सकाळी अकराच्या सुमारास येते आणि भरती सव्वापाचला. सकाळच्या बोटीने निघालेले कुटुंब दहा-साडेदहापर्यंत वाळूवर पोहोचते, एक वाजेपर्यंत उथळ पाण्यात मनसोक्त खेळते आणि पाणी वेगाने चढू लागण्याच्या आत शिदोरी सोडते. या तिथींना भांगाची भरती असल्यामुळे एकंदर चढ-उतारही कमी असतो. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला पाहावयाचा असेल, तर मात्र याचा तोटा होतो: भांगाच्या ओहोटीत पाणी पुरते हटत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे पायी जाऊन पाहण्याची इच्छा असलेल्यांनी द्वादशी धरावी, दुपारी तीनच्या ओहोटीच्या थोडे आधी निघावे आणि पाणी वळताच परतावे. किल्ल्यात रमून बसणारे तेथेच अडकतात.

जेवणाच्या वेळांचा हिशोबही वेगळा मांडावा लागतो. अलिबाग बीडच्या पश्चिमेस सुमारे तीन अंश आहे, म्हणून तेथे सूर्य साधारण 12 मिनिटे उशिरा उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो. चौविहार करणाऱ्याने बीडची वेळ धरली, तर काही बिघडत नाही. त्याचे जेवण थोडे आधी आटोपते इतकेच. नवकारशीचे तसे नाही. बीडच्या वेळेप्रमाणे पारणे केले, तर ते 12 मिनिटे आधीच होते, आणि पहाटे निघालेल्या बोटीत भूक लागलेली असताना ही चूक सहज घडते. सायंकाळचे खाणे मांडव्याच्या धक्क्यावर बोटीत बसण्यापूर्वीच उरकावे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि बोटीला तासभर लागतो. किनाऱ्यावरील खाणावळी बहुतांशी मासळीच्या असल्याने थेपले, खाकरे आणि उकळलेले पाणी घरूनच न्यावे. मुले शंख-शिंपले गोळा करतील, तेव्हा प्रत्येक उलटून पाहावा. कित्येकांच्या आत जीव असतो. तो पाहून पुन्हा पाण्यात ठेवावा.

लग्नाची खरेदी पंचांग पाहून होते, सहल मात्र उरलेल्या दिवशी होते, ही नेहमीची अडचण आहे. तो उरलेला दिवस चतुर्दशीचा निघाला, तर सकाळी साडेदहाला भरती उंच चढलेली असेल आणि दुपारभर पाणी समुद्राकडे ओढत असेल. अशा दिवशी अलिबागला जाण्यास हरकत नाही. मुलांना वाळूत खेळू द्यावे, वडीलधाऱ्यांनी सुरूच्या सावलीत बसावे, आणि भिजण्याचे कपडे पिशवीतच राहू द्यावेत.