कॅन्सरच्या नावावर

बीडच्या ऊसतोड मजूर बाईला ‘कॅन्सर’ हा शब्द बहुधा अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेल्यावर ऐकवला जातो. पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. डोक्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, तोंडावर गाळप हंगाम, कोयता थांबला की खाड्याचा दंड. ती मान डोलावते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहिलेल्या आकडेवारीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहाजणींमागे एक, आणि कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. पांढरं जाणं अनेकदा साध्या जंतुसंसर्गाने होते आणि औषधाने बरे होते, हे त्यांना कोणी सांगायचे?

याच बायांच्या लेकींना होऊ शकणाऱ्या एका खऱ्या कॅन्सरबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. अंडाशयाचा कॅन्सर मुख्यतः पन्नाशीनंतरचा, हे खरे. पण किशोरवयात आणि विशीत बीजपेशींपासून उठणारी वेगळीच गाठ होते. ती विरळा असते. झाली तर मात्र काही आठवड्यांत पोट भरून वाढते. पोट दुखते, फुगते. आणि लग्न न झालेल्या पोरीचे पोट फुगले की घरात आधी संशय शिरतो. यातल्या काही गाठी गर्भारपणातले एचसीजी हे संप्रेरक स्वतःच तयार करतात, त्यामुळे लघवीच्या पट्टीवरही दोन रेघा उमटतात! पोरगी जीव तोडून नाही म्हणते आणि पट्टी तिला खोटे पाडते. आईबाप कारखान्यावर, ती आजीजवळ. अशा वेळी तिच्या बाजूने बोलणारे फक्त सोनोग्राफीचे यंत्र असते. तिथवर तिला नेले पाहिजे.

नेले तर ती बहुधा वाचते. वेळेत सापडलेल्या अशा गाठीतून दहापैकी नऊहून अधिक मुली बऱ्या होतात. शस्त्रक्रियेत शक्यतो गाठीचे एकच अंडाशय काढतात. दुसरे आणि गर्भपिशवी जपतात. गरज पडल्यास केमोथेरपी देतात. बहुतेकींची पाळी पुन्हा सुरू होते, पुढे मूलही होऊ शकते. म्हणजे कॅन्सर खरोखर असतो तेव्हा डॉक्टर पिशवी वाचवायला धडपडतात, आणि बीडमध्ये नसलेल्या कॅन्सरच्या धाकाने ती हजारोंनी काढली गेली. याची चीड आलीच पाहिजे.

2019 नंतर खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते योग्यच झाले. त्याच्या जोडीला काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी अहवाल त्या बाईच्या हातात पडला पाहिजे. ज्या कॅन्सरची भीती घातली तो होता की नव्हता, हे तिला कळू द्या. शाळेतल्या आरोग्य तपासणीत मुलींना पोटाच्या दुखण्याबद्दल, फुगण्याबद्दल एकांतात विचारले पाहिजे. सोनोग्राफीत घट्ट गाठ दिसली, तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या आधी करून मुलीला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात धाडावे. तालुक्याच्या ठिकाणी साधी गाठ समजून घाईने पोट उघडले आणि ती आतच फुटली, तर पहिल्या टप्प्यातला आजार पोटभर सांडण्याची भीती असते.