डायरेक्ट मारून देतो!

आपल्याकडचा सर्वांत धोकादायक शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी 'डायरेक्ट' हाच सांगेन. (तसं मला कुणी काही विचारत नाही. बँकेत लोक फक्त 'सर्व्हर चालू आहे का' एवढंच विचारतात.)

माझी बदली निफाडला झाली, घर राहिलं नाशिकला. निफाड म्हणजे द्राक्षं आणि निफाड म्हणजे थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दोन-तीन अंशांवर उतरला की पुण्या-मुंबईचे लोक ती बातमी रजईत बसून वाचतात. मी ती मोटरसायकलवर अंगावर घेतो. अक्षरशः अंगावर, कारण स्वेटरच्या आत तेच वर्तमानपत्र खोचलेलं असतं. छातीचं असं भागतं, कानांचं कानटोपीवर भागतं. पण हातांचं काय? पाच-सहा किलोमीटर झाले की बोटं आपली की हँडलची, हेच कळत नाही. आणि कॅशियरची बोटं म्हणजे गवयाचा गळा! शाखेत पोचल्यावर पहिला अर्धा तास मला शंभराची गड्डी एकदा शहाण्णव भरायची, एकदा एकशेतीन.

म्हणून मी गरम होणाऱ्या मुठी आणल्या. दिसायला साधी रबरी मूठ, आत तापणारी तार. "चोचले!" असं आमच्या सौभाग्यवतींनी एका शब्दात ऑडिट केलं. पण ब्रेक आणि क्लच याच बोटांनी दाबायचे असतात. ती बधिर झाली तर समोरची म्हैस थांबून वाट बघत नाही.

गाडी घेऊन वायरिंगवाल्याकडे गेलो. पोरगा पंचविशीचा. त्यानं माल उलटापालटा केला आणि म्हणाला, "पाच मिनिटं काका. बॅटरीला डायरेक्ट मारून देतो."

"अरे, पण या कागदावर फ्यूज आणि रिले दाखवलाय..."

"कंपनीवाले लिहितात असंच. काही होत नाही काका. दहा वर्षं हेच करतोय, एक गिऱ्हाईक परत आलं नाही."

कसं येईल? ज्यांचं काही झालं, ते चालत कुठे कुठे फिरणार?

मी बी.कॉम. विजेतलं मला जमाखर्चाइतकंच कळतं. पण इथे जमाखर्चच तर आहे! मुठी तीन-चार अँपिअर खातात. माझी बॅटरी नऊ अँपिअर-तासांची. म्हणजे रात्री बटण चालू राहिलं तर झोपेचा पहिला टप्पा संपायच्या आत खातं शून्यावर. इंजिन चालू असताना थोडंफार जमा होतं म्हणावं, तर एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा कायमच पेटलेला. खर्चाची एक बाजू सरकारनंच ठरवून टाकलीय.

रिले म्हणजे आमच्या शाखेतला पासिंग ऑफिसर. किल्ली फिरवली की मागच्या दिव्याच्या वायरीतून चिमूटभर करंट येऊन सही करतो, त्या सहीवर बॅटरीतून मोठी रक्कम मुठींना जाते. किल्ली काढली की सही बंद, पेमेंट बंद. आणि फ्यूज? तो बॅटरीच्या अगदी दाराशी बसवायचा असतो. अपहार सुरू झाला की स्वतः जळून तिजोरी बंद करणारा शिपाई! दोघांचा मिळून पगार नाशिकच्या दोन प्लेट मिसळीएवढा. तो वाचवायला आपण पेट्रोलच्या टाकीखालून उघडा जिना काढून देतो. आमच्याकडे ऑफिसरच्या सहीशिवाय पाचशे रुपये इकडचे तिकडे झाले तर चौकशी बसते. इथे सगळी बॅटरी मोकळी, आणि वर 'काही होत नाही'.

तरी मी गप्प बसलो. काका म्हटल्याचा राग गिळण्यात सगळी शक्ती गेली होती.

तीन आठवडे हात उबदार. डाव्या मुठीला ऊब जरा कमी, कारण तिची उष्णता लोखंडी दांडीच खाते. पण तक्रार नाही. मग जानेवारीतल्या एका सकाळी धुराचा वास आला. निफाडकडे त्या दिवसांत धुराचं नवल नाही. गारठ्यानं मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. 'बिचारे!' असं मी मनात म्हणालोही. शेकोटी माझ्या मांड्यांमध्ये होती.

हँडल वळेल तशी वायर चासीवर घासून सोलली गेली होती. फ्यूज नाही, म्हणजे बॅटरी अख्खी तिच्यात ओतलेली. प्लॅस्टिक वितळून टाकीखाली ठिबकत होतं. गाडी स्टँडवर लावून लांब पळावं, तर शाखेच्या तिजोरीची एक किल्ली डिकीतल्या डब्याशेजारी. बाजूचं झाकण उपटून वायर ओढली. एका हिसक्यात निघाली! पठ्ठ्यानं थिंबल न लावता नुसता पीळ मारून ठेवला होता. म्हणजे एका हलगर्जीपणानं पेटवलं आणि दुसऱ्यानं वाचवलं. शेजारच्या बागेतले एक आजोबा माती घेऊन धावत आले. तळहाताला फोड आला तो वेगळा, आणि त्या दिवशी शाखा सव्वा अकराला उघडली.

पुढे सगळं कागदाप्रमाणे बसवून घेतलं. गेल्या पावसाळ्यात कुठेतरी पाणी शिरलं आणि फ्यूज उडाला. गाडीला काही झालं नाही. कृतज्ञतेनं नवा फ्यूज घ्यायला गेलो, तर त्याच पोरानं जळका फ्यूज उजेडात धरून पाहिला.

"हा सारखा उडणार काका. सिगारेटची चांदी गुंडाळून देऊ का?"