कोरड्या मुलखातून कोरड्या मुलखात

भाचीचं लग्न वैशाखात आहे. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, आणि गेल्या रविवारी ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, महाबळेश्वर नको, केरळही नको. आम्हाला हनिमूनला स्पितीला जायचंय. लग्न झालं की लगेच, मनालीवरून." मी दोनदा तिकडे जाऊन आले आहे, म्हणून सल्ल्याचं काम माझ्याकडे.

मनालीकडून जायचं तर साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते, आणि मे महिन्यात ती बहुतेकदा बर्फानं बंद असते. म्हटलं, गौरी-गणपती होऊ द्या, सप्टेंबर सरता सरता निघा. तोवर पाऊस ओसरतो, वाटेतल्या किन्नौरच्या दरडींचा धोकाही उतरतो. कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून सिमला आणि मग सतलजच्या काठाकाठानं वर. मध्ये पितृपंधरवडा येतो म्हणून ताई नाराज झाली. तिची समजूत मी घालीन.

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर, स्पितीतलं काझा साडेतीन हजारांच्याही वर. एवढी उंची शरीराला हळूहळूच पेलते. म्हणून वाटेत कल्पाला दोन रात्री, मग ताबोला दोन रात्री आणि त्यानंतरच काझा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर आणखी वर चढायचं नाही. त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं, मग बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील. जावईबापू म्हणाले, "इतके दिवस नुसते रस्त्यातच?" अहो, दोघं मिळून घालवण्याचे दिवस तेच तर आहेत.

पण मला त्यांना खरं सांगायचं होतं ते पाण्याबद्दल. आपलं सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, स्पिती हिमालयाच्या. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ही पोर वाढली. भरलेल्या पिंपाची किंमत तिला सांगावी लागत नाही. स्पितीत पाऊस नावालाच. वितळत्या बर्फाचं पाणी डोंगराच्या कडेनं लांबवरून पाटानं शेतात आणतात. त्या पाटाला तिथे कूल म्हणतात. कुणाच्या शेताला कधी पाणी, ते गाव ठरवतं, आपल्याकडच्या पाणीपाळीसारखं. त्या एवढ्याशा ओलीवर सातू आणि हिरवा वाटाणा उभा राहतो. उघड्या तपकिरी डोंगराखाली ती हिरवी चौकट पहिल्यांदा दिसली तेव्हा मला मंगळवेढ्याची ज्वारी आठवली आणि घशाशी दाटून आलं.

ताबोचा मठ इसवी सन 996 चा. भिंती मातीच्या, आत अंधार, आणि त्या अंधारात हळूहळू उमटत जाणारी चित्रं आणि भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती. हिमालयातलं अजिंठा म्हणतात त्याला. पाऊस कमी म्हणून तर मातीचं हे घर हजार वर्षं उभं राहिलं. कोरडेपणाला आपण नेहमी शापच समजतो. ताबोत मला तो राखणदार वाटला. आत फोटो काढू देत नाहीत, हे फार बरं आहे. डोळे सरावेपर्यंत दोघांनी शेजारी शेजारी गप्प बसावं. पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावरच्या कड्यावर धनकर आहे, स्पितीची जुनी राजधानी. तिथेही घाई करू नये.

राहायचं गावातल्या घरीच. पुष्कळ घरांत कोरडे संडास असतात, त्यातलं खत शेतात जातं. रोज बादल्या भरभरून गरम पाणी मागायचं नाही, एवढं मी दोघांनाही बजावलं. भाची हसून म्हणाली, "मावशी, हे सोलापूरच्या मुलीला सांगतेस?"

थंडीला सोलापुरी चादर नुसती पुरायची नाही, लोकरी कपडे लागतीलच; तरी एक चादर देणार आहे. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही बरेच दिवस टिकतात. निघताना ती दारातून परत आली. "चटणीच्या दोन पुड्या वेगळ्या बांध गं. आम्ही ज्यांच्या घरी उतरू, त्यांना द्यायला."