मोटारीची गवसणी

या सदरांत आजवर आम्हीं लोणच्याच्या बरण्या, लोकरी कपड्यांच्या पेट्या, ग्रंथांस लागणारी कसर आणि पितळी भांड्यांची कळा अशा नानाविध विषयांवर लिहिलें; परंतु मोटारगाडीवर, आणि तीहि दोनच आसनांच्या वेगवान क्रीडायानावर, लिहिण्याचा प्रसंग आम्हांवर येईल असें आमच्या वाचकांस खचित वाटलें नसेल. आम्ही स्वतः अध्यापनाचीं सर्व वर्षें सायकलीवर काढिलीं. तथापि पुण्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे, आणि तें केवळ जिज्ञासेपोटीं लिहिलेलें नाहीं. म्हणून या महिन्याचीं पानें त्यासच देतों.

पत्राचा मथितार्थ असा. बाईंचे यजमान कारखान्याच्या व्यापांतून मोकळे झाले तेव्हां त्यांनीं मोठ्या हौसेनें पोर्शे बॉक्स्टर जातीची गाडी घेतली. गेल्या माघांत ते निवर्तले. तेव्हांपासून गाडी बंगल्याच्या गॅरेजमध्यें उभी आहे. पुतण्यानें तिजवर निळी ताडपत्री घालून ती दोरीनें चोहोंकडून आवळून दिली. धूळ आणि ओल दोहोंपासून रक्षण व्हावें हा हेतु. श्रावणांत एके दिवशीं बाईंनीं ताडपत्रीचा कोपरा उचलून पाहिला, तों आंतून कुबट वास आला. कापडी टपावर पांढुरके ठिपके दिसले, आणि चाकांमागील ब्रेकच्या तबकड्या तांबूस झालेल्या आढळल्या. दीर-जावांचें म्हणणें, ‘विकून मोकळ्या व्हा; उभी गाडी म्हणजे उभें कर्ज.’ कन्या म्हणते, ‘बाबांची गाडी आहे, राहूं द्या.’ आणि बाई आम्हांस विचारतात, ‘गुरुजी, ताडपत्री काढून मापानें शिवलेली खोळ घालावी काय? ती घातल्यानें गाडी यांनीं ठेविली होती तशीच राहील काय?’

प्रश्न दोन आहेत. पहिल्याचें उत्तर सोपें आहे, तें आधीं देतों. ताडपत्री आजच काढावी. पाऊस ओसरल्यावर काढूं असें म्हणूं नये, कारण सर्व हानि या पावसाच्या दिवसांतच होते. पावसाळी हवेंत पाण्याची वाफ भरलेली असते. रात्रीं गाडीचें धातूचें अंग निवतें, आणि सकाळीं उबदार दमट हवा त्यास लागली म्हणजे, थंड पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून जसा घाम सुटतो, तसा तो गाडीस सुटतो. उघड्या गाडीवरील हा घाम थोड्या वेळांत उडून जातो. ताडपत्रीखालच्या घामास मात्र जाण्यास वाट नसते. जी ताडपत्री पाण्यास आंत येऊं देत नाहीं ती त्यास बाहेरहि जाऊं देत नाहीं, हें पुतण्याच्या ध्यानांत आलें नाहीं. त्यांत त्याचा दोष धरूं नये. पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांची समजूत हीच असते. हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें ६० टक्क्यांच्या वर गेली कीं पोलादावर गंज झपाट्यानें चढूं लागतो; पुण्यांत आषाढ-श्रावणांत ती याहून पुष्कळ वर असते, आणि बांधलेल्या ताडपत्रीखालीं तर विचारूंच नये.

वास्तविक आपल्या घरांत हें ज्ञान फार जुनें आहे. आपल्या वाडवडिलांनीं पोथ्या कशांत बांधिल्या? सुती बासनांत. मेणकापडांत बांधिल्या असत्या तर कोंकणांतील एकाहि घरांत एक पोथी धड उरली नसती. तंबोऱ्यास घालावयाची ती गवसणी. उशीचा तो अभ्रा, गादीची ती खोळ, नंदीबैलाच्या पाठीवरची ती झूल. मराठींत आच्छादनाच्या प्रत्येक प्रकारास निराळें नांव आहे, कारण प्रत्येकाचें काम निराळें आहे. झूल दाखविण्यासाठीं असते. गवसणी जपण्यासाठीं असते, आणि ती वाद्याच्या अंगाबरोबर शिवलेली असते. म्हणून मोटारीच्या या मापानें शिवलेल्या आवरणास आम्ही गवसणी म्हणतों. बाजारांत त्यास ‘इनडोअर कव्हर’ म्हणतात. भगिनींनीं दुकानांत तेंच नांव घ्यावें, नाहींतर दुकानदार तंबोरा आणून पुढें ठेवील.

अंगणांत उभ्या राहणाऱ्या गाडीचें आवरण आणि घरांतल्या गाडीचें आवरण या दोन भिन्न वस्तु आहेत. बाहेरच्यास ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांशीं झुंजावयाचें असतें, म्हणून तें जाड व अनेक पदरी. घरांतल्याचें काम धूळ अडविणें, येतांजातां लागणारे ओरखडे टाळणें आणि हवा खेळूं देणें, एवढेंच. यासाठीं ताणणाऱ्या धाग्याचें, आंतून मऊ लव असलेलें विणकामाचें वस्त्र उत्तम. सुती फ्लॅनेल स्पर्शास अधिक गोड असतें खरें, परंतु तें ओल धरून ठेवितें व त्याचे तंतु रंगावर बसतात. कोरड्या देशांत तें चालेल, आपल्याकडे पावसाळ्यांत नको. घेण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी: वस्त्र तोंडावर धरून श्वास घ्यावा. श्वास सहज येत-जात असेल तर गाडीसहि तें चालेल.

आतां माप. बाई लिहितात कीं एका विक्रेत्यानें ‘सर्व गाड्यांस बसणारें’ आवरण देऊं केलें. सर्वांस बसणारें याचा अर्थ कोणासहि न बसणारें. ढिलें वस्त्र वाऱ्यानें वा पंख्यानें हलतें, आणि प्रत्येक हालचालीबरोबर खालचा धुळीचा कण रंगावर फिरतो. त्याचा घोळ जमिनीवर लोळतो व फरशीची ओल दिव्याच्या वातीप्रमाणें वर ओढून घेतो. मापाच्या गवसणीस आरशांसाठीं दोन कप्पे असतात, खालच्या कडेस रबरी नाडी असते, आणि ती गाडीच्या वळणावळणावर बसते. मागवितांना केवळ ‘बॉक्स्टर’ एवढें सांगून भागत नाहीं. ही गाडी १९९६ सालीं निघाली. पुढें तिच्या आकृतींत अनेकदां फेर झाला, आणि २०१६ पासून तिच्या नांवामागें ७१८ हा आंकडा लागला. म्हणून नोंदणीपुस्तकांतील निर्मितीचें वर्ष द्यावें.

परंतु उत्तम गवसणीहि मळलेल्या गाडीवर घातली तर ती पालिश-कागदाचें काम करिते. आधुनिक गाडीच्या रंगावर जो पारदर्शक लेप असतो त्याची जाडी बहुधा ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे जी झळाळी पाहून शेजारी थबकतात ती केसाहूनहि पातळ पापुद्र्यावर उभी आहे. यास्तव प्रथम गाडी भरपूर पाण्यानें धुवावी, मऊ वस्त्रानें टिपावी, दारांच्या फटींतील व चाकांतील पाणीहि वाळूं द्यावें, आणि मगच आच्छादन घालावें. बाहेरून फिरून आलेल्या गाडीवर तें लगेच घालूं नये. या गाडीचें यंत्र पुढें नसून आसनांच्या पाठीशीं मध्यभागीं असतें. त्याची उष्णता कित्येक तास टिकते. रात्रभर निवूं द्यावी आणि सकाळीं गवसणी चढवावी.

येथें दसऱ्याचा विषय काढल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. वाहनाची पूजा अवश्य करावी. पण हळदीचा डाग कापडी टपावरून निघतां निघत नाहीं, आणि कुंकू म्हणजे हळकुंडावर चुन्याचा संस्कार; तो क्षार रंगावर दिवसचे दिवस राहूं देणें बरें नाहीं. झेंडूच्या हारांत हल्लीं बारीक तार असते, ती वाऱ्यानें घासते. आम्ही सुचवितों कीं गंधाक्षता कांचेवर वाहाव्या, हार संध्याकाळीं उतरावा, आणि निर्माल्य तसेंच ठेवून वर गवसणी ओढूं नये. देवाचा कोप होणार नाहीं, याची जबाबदारी आम्ही घेतों.

गॅरेजविषयीं थोडें. सिमेंटची जमीन खालून ओल सोडते. गाडीखालीं जाड प्लॅस्टिकचा पत्रा अंथरल्यास ती बरीच अडते. दार पूर्ण मिटणारें असेल तर आर्द्रता शोषणारें विजेचें यंत्र लावून ती ५० टक्क्यांच्या आसपास राखतां येते. दारास जाळी असेल तर तें यंत्र सबंध पुण्याची हवा वाळवीत बसेल, तेव्हां त्याचा खर्च करूं नये. उंदरांस आच्छादनाखालचा निवारा फार आवडतो, आणि ते तारा कुरतडतात. पिंजरा ठेवावा, विष ठेवूं नये. विष खाल्लेला उंदीर गाडीच्या पोटांत जाऊन मेला म्हणजे तो वास काढणें कोणाच्याहि हातीं राहत नाहीं.

विजेच्या बॅटरीकडे मात्र विशेष लक्ष हवें. ती या गाडींत पुढच्या सामानाच्या पेटीखालीं असते, आणि अलीकडच्या पिढ्यांत त्या पेटीचें झांकण विजेनेंच उघडतें. म्हणजे बॅटरी मेली कीं बॅटरीपर्यंत पोंचण्याचें दारहि बंद! किल्ली पेटींत ठेवून पेटी लावल्यासारखाच हा प्रकार. निर्मात्यांनीं यावर योजना केलेली आहे: चालकाच्या पायाजवळील फ्यूजच्या पेटींत बाहेर ओढतां येणारें एक टोंक असतें, त्यास बाहेरून वीज दिली म्हणजे झांकण सुटतें. गाडीसोबतच्या पुस्तिकेंत ती रीत दिलेली असते. तें काम जाणत्या मिस्त्रीकडून करवून घ्यावें, आणि त्यानंतर बॅटरी जिवंत ठेवणारें लहान यंत्र कायम जोडून त्याची तार गवसणीच्या कडेखालून बाहेर काढावी.

टपावरील बुरशी मऊ ब्रशानें व कापडी टपासाठीं मिळणाऱ्या साबणानें हलक्या हातानें काढावी. ब्लीचिंग पावडर लावूं नये. टप पूर्ण वाळेपर्यंत मिटूं नये. ओला मिटला तर घड्यांत पुन्हां बुरशी धरते. टपाच्या मागील बाजूस पाणी वाहून जाण्याच्या बारीक वाटा असतात, त्यांत पानें-माती साचली नाहीं ना हें मिस्त्रीस पाहावयास सांगावें. ब्रेकच्या तबकड्यांवरील तांबूसपणानें घाबरूं नये. त्या ओतीव लोखंडाच्या असतात. वरवरचा गंज गाडी थोडी चालतांच घासून जातो.

आणि या ‘चालतांच’ शब्दापाशीं दुसरा प्रश्न येऊन उभा राहतो. बाई विचारतात, गाडी यांनीं ठेविली तशीच राहील काय? भगिनींनीं क्षमा करावी, पण आम्हांस स्पष्ट लिहिणें भाग आहे. राहणार नाहीं. गवसणी धूळ थांबविते, काळ थांबवीत नाहीं. उभ्या गाडीचीं रबरें कडक होतात, चाकें एका जागीं दबतात. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें, तें ओल ओढून घेतें. पत्राच्या अखेरीस बाई जातांजातां एक ओळ लिहून गेल्या आहेत, कीं कन्येस ही गाडी चालविण्यास वडिलांनींच शिकविलें, परंतु ते गेल्यापासून त्या आसनावर कोणी बसलेलें आपणांस पाहवत नाहीं. ही ओळ आम्हीं पुन्हां पुन्हां वाचली. तींत तर्कानें खोडून काढण्यासारखें कांहीं नाहीं, आणि तसा प्रयत्न आम्ही करीतहि नाहीं. इतकेंच विचारतों: ज्या गृहस्थानें त्या मुलीस गियर कसा टाकावा हें शेजारीं बसून शिकविलें, त्यानें ती विद्या ताडपत्रीखालीं ठेवण्यासाठीं दिली असेल काय?

आमचें मत असें आहे कीं दीर-जावांच्या तगाद्यानें गाडी विकूं नये. वर्षश्राद्धापूर्वीं असले निर्णय करण्याची घाईहि नसावी. कन्येनें पंधरा दिवसांतून एकदां, उघडीप पाहून, निदान अर्धा तास गाडी बाहेर न्यावी. दाराशीं उभी करून नुसतें यंत्र सुरू ठेवणें हा उपाय नव्हे. त्यानें धुराड्यांत व तेलांत ओलच साठते. पहिल्या खेपेस बाईंनीं घरांत बसलें तरी चालेल. पुढें केव्हां वाटलें तर दुसरें आसन रिकामेंच आहे. वर्षभरानें कन्या परगांवीं गेली, किंवा खर्च जड झाला, किंवा मन निवलें, तर चालती व स्वच्छ गाडी विकणें सोपें जातें. किंमतहि बरी येते. त्या विक्रींत कोणाचा अनादर नाहीं.

राहिलें घडी घालणें, कारण गवसणीचें आयुष्य घडींतच आहे. पुढील व मागील दोन्ही टोकें टपाच्या मध्यापर्यंत आणावीं, मग दोन्ही बाजू आंत घ्याव्या. अशा रीतीनें धुळीची वरची बाजू मऊ आंतल्या बाजूस लागत नाहीं. ती जमिनीवर टाकूं नये, फळीवर किंवा स्वच्छ पिशवींत ठेवावी. घालतांना टपाच्या मध्यावर ठेवून पुढें-मागें उलगडावी. वर्षांतून दोनदां थंड पाण्यांत सौम्य साबणानें धुवून सावलींत वाळवावी. एकट्या माणसास ती उलटसुलट कळत नाहीं, आणि मागची बाजू पुढें ओढली म्हणजे आरशांचे कप्पे जुळत नाहींत व शिवण फाटते. यासाठीं पुढच्या कडेस, मध्यावर, आंतून लाल दोऱ्याचे चारपांच ठसठशीत टांके घालून ठेवावेत.