सौदा दोघांचा, कायदा कोणाचा?

जानेवारी उजाडला की नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत निर्यातीची लगबग सुरू होते. घड काढायचे, निवडायचे, पेट्या भरायच्या, त्या थंड करून कंटेनरमध्ये रचायच्या आणि कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे रवाना करायचा. तिथून रॉटरडॅमपर्यंतचा प्रवास काही आठवड्यांचा. हवामान, फवारणी आणि भाव या तीन काळज्या बागाईतदाराला पुरेशा आहेत, असे आपल्याला वाटते. पण चौथी एक काळजी कंटेनरबरोबरच समुद्रावर निघालेली असते. तिकडच्या व्यापाऱ्याने दार उघडले आणि ‘माल पसंत नाही’ असे कळवले, तर नुकसान कोणाचे? आणि ते ठरवायचे कोणत्या देशाच्या कायद्याने?

घरच्या पेठेत हा प्रश्न पडत नाही. व्यापारी मालात खोट काढतो, घासाघीस होते, भाव उतरतो आणि गाडी रिकामी करून माणूस संध्याकाळी घरी परततो. फारच बिनसले तर तोच माल दुसऱ्या गाळ्यावर नेता येतो. परमुलखातल्या बंदरात पडलेल्या द्राक्षांना दुसरा गाळा नसतो. परत आणायची म्हटली तर भाडे भरून नासका माल घरी आणावा लागेल.

आपला मालविक्रीचा कायदा 1930 सालचा. 1893 च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर तो बेतलेला आहे. त्यानुसार सौद्यातल्या मुख्य अटीचा भंग झाला की ग्राहक माल नाकारू शकतो. त्याच्या 43 व्या कलमानुसार, योग्य कारणाने माल नाकारणाऱ्या ग्राहकावर तो परत पाठवण्याचे बंधन नाही. नकार कळवला की पुरे. गावातल्या गावात ही तरतूद रास्तच आहे. समुद्रापलीकडच्या विक्रेत्याला मात्र ती महागात पडू शकते.

जगाच्या व्यापारातली ही अडचण ओळखून संयुक्त राष्ट्रांनी 1966 साली आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यासाठी एक आयोग स्थापन केला. त्याने तयार केलेल्या मसुद्यावर 1980 च्या मार्च-एप्रिलमध्ये व्हिएन्ना येथे 62 देशांची परिषद भरली. 11 एप्रिलला मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीचा करार मंजूर झाला आणि 1 जानेवारी 1988 पासून तो अमलात आला. आज नव्वदहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, चीन, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान, सिंगापूर ही आपली मोठी गिऱ्हाइके त्यात आली. व्हिएन्नाच्या परिषदेला भारताचेही प्रतिनिधी होते. भारत मात्र अजून त्या कराराबाहेर आहे.

या कराराची 101 कलमे वाचताना एक सूत्र जाणवते. झालेला सौदा शक्यतो मोडू द्यायचा नाही. ग्राहकाला सौदा रद्द करायचा असेल तर दोष मूलगामी हवा, म्हणजे सौद्यातून त्याला जे मिळायचे होते तेच हातचे जावे इतका मोठा. किरकोळ खोट असेल तर किंमत कमी करून घ्यावी, पण व्यवहार पुरा करावा. आपल्या पेठेतला जुना शहाणपणाच हा! माल लवकर तपासायचा आणि दोष वाजवी वेळेत कळवायचा, हीही ग्राहकाचीच जबाबदारी. नाशवंत मालाच्या बाबतीत ही वेळ थोड्याच दिवसांची असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 86 व 88 ही कलमे. माल नाकारायचा असला तरी ताब्यात आलेला माल ग्राहकाने नीट सांभाळला पाहिजे. तो लवकर नासणारा असेल तर विकण्याचा रास्त प्रयत्न केला पाहिजे आणि आपला खर्च वळता करून उरलेल्या पैशांचा हिशेब विक्रेत्याला दिला पाहिजे.

2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या रसायनाच्या अंशांमुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली आणि बागाईतदारांना मोठा फटका बसला. अशा वेळी ग्राहकाच्या देशातला नियम पाळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येतोच. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 8 मार्च 1995 रोजी व्हिएन्ना करारानुसारच असा एक खटला निकालात काढला. स्वित्झर्लंडच्या विक्रेत्याने न्यूझीलंडचे शिंपले जर्मन ग्राहकाला विकले होते आणि त्यांत कॅडमियम जर्मनीतल्या शिफारशीपेक्षा जास्त निघाले. न्यायालय म्हणाले, ग्राहकाच्या देशातले सरकारी नियम विक्रेत्याला ठाऊक असलेच पाहिजेत असे नाही. ते ग्राहकाने सांगायला हवेत. विक्रेता जिंकला. अर्थात, वर्षानुवर्षे एकाच देशात माल पाठवणाऱ्याला ‘मला नियम ठाऊक नव्हता’ ही सबब सहजी चालणार नाही, हेही तितकेच खरे.

गमतीची गोष्ट अशी की भारत बाहेर असला तरी हा कायदा आपल्या निर्यातदाराच्या दारात येऊ शकतो. करारपत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘नेदरलँड्सचा कायदा लागू’ असे छापलेले असेल, तर व्हिएन्ना करार त्या देशाच्या कायद्याचाच भाग असल्याने एरवी तोच लागू होतो. नको असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. माल विकून न टाकता केवळ विक्रीसाठी पाठवला असेल, तर तो व्यवहारच निराळा. सही करताना यातले किती जणांच्या ध्यानात असते?

या करारावर आक्षेप नाहीत असे नाही. ‘वाजवी वेळ’ म्हणजे किती, याची उत्तरे निरनिराळ्या देशांतली न्यायालये निरनिराळी देतात. मोठमोठ्या व्यापारी कंपन्या तो सर्रास वगळतात. ब्रिटननेही दीर्घकाळ दूर राहणेच पसंत केले. पण वगळण्याची मुभा करारातच आहे, म्हणजे सामील होण्यात कोणाचा हात बांधला जात नाही. बड्या कंपनीपाशी वकिलांची फौज असते, हव्या त्या अटी ती लिहून घेते. लहान निर्यातदार समोरून आलेल्या कागदावर मुकाट्याने सही करतो. कागदावर काहीच लिहिलेले नसेल तेव्हा त्याच्या पाठीशी कोणता कायदा उभा राहणार, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून भारताने या करारात सामील होण्याचा निर्णय आता लांबणीवर टाकू नये. तो होईपर्यंत निर्यातदारांच्या संघांनी एक काम जरूर करावे. शेतकऱ्याला फवारणीचे वेळापत्रक समजावतो, तसेच करारपत्रातले शेवटचे कलमही त्याच्या भाषेत समजावून सांगावे. वर्षभर जिवापाड जपलेल्या बागेचे भवितव्य त्या दोन ओळींत असू शकते.