भांडण दिल्लीत, भुर्दंड माझगावला

'शंकुल' ही पाणबुडी 28 मे 1994 रोजी नौदलात दाखल झाली. माझगावच्या गोदीत बांधलेली त्यापुढची पाणबुडी 'कलवरी'. ती दाखल झाली 14 डिसेंबर 2017 रोजी. मध्ये साडेतेवीस वर्षे गेली. 'शंकुल'च्या आणि तिच्या आधीच्या 'शल्की'च्या सांगाड्यावर मी वेल्डर म्हणून काम केले आहे. 'कलवरी'चा सोहळा मी घरी टीव्हीवर पाहिला, कारण तोवर मी निवृत्त झालो होतो. आता 'शंकुल' जिच्या करारातून आली त्याच जर्मन कंपनीशी सहा नव्या पाणबुड्यांचा विषय निघाला आहे. पेपरात किमतीवरून प्रश्न येऊ लागले आहेत, उद्या संसदेत आरोपही होतील. तेव्हा आधी काय झाले होते हे तरुण वाचकांना ठाऊक असायला हवे.

डिसेंबर 1981 मध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. 'शिशुमार' आणि 'शंकुश' कील बंदरात बांधायच्या, पुढच्या दोन मुंबईत, आणि आणखी दोन घेण्याचा पर्याय आपल्या हातात. 1984 मध्ये माझगावात 'शल्की'चे काम सुरू झाले. भारतात पाणबुडी बांधली जाण्याची ती पहिलीच वेळ.

1987 च्या सुरुवातीला बॉनमधल्या आपल्या राजदूताची तार दिल्लीत आली. पुढच्या दोन पाणबुड्यांसाठी किंमत कमी करा असे आपण म्हणत होतो, आणि कंपनीकडून कळले होते की सात टक्के कमिशन द्यावे लागत असल्याने ते जमणार नाही. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी 9 एप्रिलला चौकशी जाहीर केली आणि 12 एप्रिलला राजीनामा दिला. चारच दिवसांनी स्वीडनच्या रेडिओवर बोफोर्स तोफांच्या लाचेची बातमी फुटली. पुढची दोन-अडीच वर्षे देशाचे राजकारण तोफा आणि पाणबुड्यांभोवती फिरत राहिले. 1989 मध्ये सरकार बदलले, 1990 मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, आणि अनेक वर्षांनी तपास बंद झाला. शिक्षा कोणालाही झाली नाही.

पाचव्या आणि सहाव्या पाणबुडीचा पर्याय मात्र सोडून दिला गेला. 'शंकुल' पाण्यात गेली आणि पाणबुडी विभागाचे काम संपले.

काम संपले म्हणजे काय झाले, हे समजायला ते काम थोडे जवळून पाहावे लागते. समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे हवेच्या एका दाबाइतका भार वाढतो. दोनशे मीटर खाली पाणबुडीच्या कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दोनशे टन भार येतो. त्या कवचाचे पोलाद वेगळे असते. ते आधी ठरलेल्या तापमानापर्यंत तापवायचे, जोडकाम संपेपर्यंत ते तापमान राखायचे. रॉड ओव्हनमधून काढला की ठरल्या वेळेत वापरायचा, नाहीतर परत करायचा, कारण हवेतला दमटपणा धरलेला रॉड पोलादात केसाएवढी चीर सोडतो. मुंबईच्या पावसाळ्यात याची किती धास्ती असायची! प्रत्येक सांध्याचा एक्स-रे निघायचा. फिल्मवर डाग दिसला की सांधा खरवडून पुन्हा पहिल्यापासून. कीलहून शिकून आलेले आमचे वरिष्ठ शेजारी उभे राहून हात कसा चालतो ते पाहायचे. चार्जमन सही करेपर्यंत जेवणाचा डबा उघडला जात नसे. हे काम पुस्तक वाचून येत नाही, आणि एकदा आले म्हणून कायम राहतही नाही. परीक्षा ठरावीक मुदतीने पुन्हा द्यावी लागते आणि हात रोज चालता ठेवावा लागतो.

'शंकुल'नंतर आम्ही पांगलो. मी 'दिल्ली' या विनाशिकेच्या कामावर गेलो. ते कामही मानाचे होते, पण पृष्ठभागावरच्या जहाजाचा सांधा निराळा आणि पाणबुडीच्या कवचाचा निराळा. काही जण ओएनजीसीच्या तेल प्लॅटफॉर्मच्या कामाला लागले. आमच्यातले सर्वात चांगले दोन वेल्डर आखातात गेले, ते तिकडचेच झाले. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने फ्रान्सशी सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार केला, तेव्हा माझगावला हे सारे जवळजवळ नव्याने शिकावे लागले. त्यातली पहिली, म्हणजे 'कलवरी', 2012 मध्ये मिळायची होती, ती पाच वर्षे उशिरा आली. त्या उशिराची कारणे अनेक आहेत, पण मोडलेली घडी पुन्हा बसवण्यात गेलेला वेळ त्यातले एक ठळक कारण आहे असे मी कामगार म्हणून सांगतो.

दोष एकाच पक्षाचा असता तर बोलणे सोपे होते. कमिशनचा आरोप ज्यांच्या राजवटीवर आला, त्यांनी पुढची मागणी सोडून हात झटकले. ज्यांनी तो आरोप गावोगाव नेला, त्यांची सत्ता आली तेव्हा त्यांनीही ही साखळी पुढे नेली नाही. 1991 ते 1993 या काळात महाराष्ट्राचे शरद पवार संरक्षणमंत्री होते, नंतर मुलायमसिंह यादव झाले, जॉर्ज फर्नांडिस झाले. 1999 मध्ये तीस वर्षांत चोवीस पाणबुड्यांची योजना मंजूर झाली, तीही कागदावर राहिली. पाणबुडी या शब्दाला दलालीचा वास लागला होता आणि त्या फाइलवर सही करण्याची हिंमत कोणी दाखवली नाही.

मला सर्वात जास्त सलते ती दक्षिण कोरियाची गोष्ट. आमचे प्रकरण पेटले त्याच वर्षी, 1987 च्या अखेरीस, कोरियाने त्याच एचडीडब्ल्यूशी पाणबुड्यांचा करार केला. आपल्यानंतर सहा वर्षांनी. पहिली कीलला बांधली, बाकीच्या ओकपोच्या गोदीत. पहिल्या जातीच्या नऊ झाल्या, दुसऱ्या जातीच्या नऊ झाल्या. 2011 मध्ये त्यांनी इंडोनेशियाला तीन पाणबुड्या विकण्याचा करार केला. 2021 मध्ये स्वतःच्या आराखड्याची तीन हजार टनांची पाणबुडी नौदलात दाखल केली. ओकपोच्या वेल्डरचे हात आमच्यापेक्षा वेगळे नव्हते. त्यांचे काम थांबले नाही, एवढाच फरक.

"मग काय, पैसे खाल्ले तरी चालू द्यायचे?" असे मला आमच्याच युनियनमधल्या मित्राने विचारले. मुळीच नाही. सात टक्के ही माझ्यासारख्याच्या करातून गेलेली रक्कम आहे. ज्याने घेतली त्याला तुरुंगात टाका, कंपनीकडून दंडासकट वसूल करा. पण कंपनीशी व्यवहार तोडून कीलचे काय बिघडले? ती गोदी इतर देशांसाठी पाणबुड्या बांधतच राहिली. रिकामी पडली ती आपली.

यातून आपण पुरते शिकलो असेही नाही. स्कॉर्पीनसाठी इटालियन टॉर्पेडो निवडले होते. हेलिकॉप्टर खरेदीच्या प्रकरणात ते टॉर्पेडो बनवणाऱ्या कंपनीच्या समूहाचे नाव आले आणि 2016 मध्ये टॉर्पेडोंची खरेदी रद्द झाली. चौकशी हेलिकॉप्टरची, आणि नव्या पाणबुड्यांना जुन्या टॉर्पेडोंवर भागवावे लागले. देशात तयार होणारा टॉर्पेडो त्यांच्यावर बसवण्याचा करार व्हायला डिसेंबर 2024 उजाडले. सरसकट बंदीऐवजी दोषाप्रमाणे दंड करण्याचे नियम संरक्षण मंत्रालयाने 2016 मध्ये आणले, ते योग्यच झाले. ते वादळात टिकतात का, याची परीक्षा आता आहे.

कारण सहावी स्कॉर्पीन 'वागशीर' 15 जानेवारी 2025 रोजी दाखल झाली, तेव्हा पुढच्या एकाही पाणबुडीचा करार झालेला नव्हता. 1994 चेच चित्र. दरम्यान 1986 ची 'शंकुश' आणखी काही वर्षे चालावी म्हणून तिच्या दुरुस्तीचा 2,725 कोटींचा करार 2023 मध्ये करावा लागला. पाकिस्तान चीनकडून आठ पाणबुड्या घेतो आहे, त्यातल्या चार कराचीत बांधायच्या आहेत.

नव्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकची जोडीदार आहे थायसेनक्रुप, म्हणजे एचडीडब्ल्यूची आजची मालक. लार्सन अँड टुब्रो आणि स्पेनच्या नवांतियाचा प्रस्ताव बाद झाल्याने स्पर्धक उरलेला नाही. 2021 मध्ये अंदाज सुमारे 43 हजार कोटींचा होता, आज त्याहून बरेच मोठे आकडे छापून येतात. स्पर्धक नसताना किंमत ठरते तेव्हा विरोधकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत. सरकारनेही उत्तरे द्यावीत, प्रत्येक प्रश्नावर देशाच्या सुरक्षेचे पांघरूण घालू नये.

माझी मागणी एवढीच की भांडण सही होण्याआधी पोटभर करा. किंमत, तंत्रज्ञान किती मिळणार, मध्यस्थ कोण, हे सगळे संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे आताच मांडा. आणि सही झाल्यावर आरोप झाला तर तपास ठरलेल्या मुदतीत संपेल, दोषींकडून वसुली होईल, पण गोदीतले काम एक दिवसही थांबणार नाही, असे कलम करारात घाला. असे कलम आहे की नाही, हा प्रश्न दक्षिण मुंबईच्या खासदारांनी संसदेत विचारावा. माझगाव त्यांच्या मतदारसंघात येते.