आठ वर्षांचं दप्तर

दावा पोटगीचा असो की स्त्रीधनाचा, बाईला पहिला प्रश्न पुराव्याचा विचारला जातो. लग्नात किती दिलं? कोणी दिलं? कधी? हुंडा घेणारा पावती देत नाही, आणि बैठकीला बसलेले पंच दहा वर्षांनी काही आठवत नाही म्हणतात. पण बापानं लग्नाच्या आठवड्यात काढलेली रक्कम, बाईच्या नावावर उचललेलं शिलाई मशीनचं कर्ज, मुदतीआधी मोडलेली ठेव यांची नोंद बँकेच्या खतावणीत तारीखवार राहते. खतावणी कोणाच्या भावकीतली नसते.

ही नोंद मागायला गेलेल्या बाईला काय ऐकावं लागतं ते आपण सगळ्याजणी जाणतो. पासबुक सासरच्या पेटीत. शाखेत गेलं तर ‘मालकाला घेऊन या’. खातं तिचं, अंगठा तिचा आणि मालक दुसराच! दुसऱ्या खेपेला ‘इतकं जुनं रेकॉर्ड नसतं’. तिसऱ्या खेपेला ‘ती बँकच आता राहिली नाही’. देगलूर किंवा निलंगा तालुक्यातल्या खेड्यातून तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. चौथी खेप ती करत नाही.

शेवटचं उत्तर मराठवाड्यात फार चालतं, कारण आपल्याकडच्या बँकांच्या पाट्या खरोखरच बदलल्या. निजामाच्या राज्यात १९४१ साली निघालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाडा ग्रामीण बँकेचं मुख्यालय नांदेडला होतं. २००९ च्या विलीनीकरणातून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि १ मे २०२५ पासून साऱ्या राज्याची एकच ग्रामीण बँक उरली. पण पाटी उतरली म्हणून खातं उतरत नाही. देण्याघेण्याबरोबर जुनं दप्तरही नव्या बँकेकडे जातं आणि त्याची जबाबदारीही. जुन्या पासबुकाचं फाटकं पान, खाते क्रमांक, निदान शाखेचं नाव आणि साल एवढ्यावरून शोध घेता येतो.

‘इतकं जुनं’ म्हणजे किती, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. बँकांनी दप्तर किती काळ जपावं याचे नियम १९८५ साली झाले. सहकारी बँकांसाठीही त्याच साली वेगळे नियम झाले. खतावण्या चालू वर्षाच्या मागची किमान आठ वर्षं ठेवाव्याच लागतात. ‘किमान’ या शब्दावर बोट ठेवा. आठ वर्षं झाली की जाळून टाका, असं नियम सांगत नाही. जुनी दप्तरं कित्येकदा गोदामात पडून असतात. शोधायचा कंटाळा हे न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

आणि आता आपल्या कामाबद्दल. बाई आपल्याकडे येते तेव्हा तिची किती वर्षं आधीच गेलेली असतात! माहेरचे म्हणतात नांदायला जा, पंच म्हणतात एकदा समजून घे, मूल लहान आहे, धाकटीचं लग्न व्हायचंय. या समजुतीच्या वर्षांत इकडे आठ वर्षांचा काटा फिरत राहतो. तडजोड होईल की नाही हे पुढे ठरेल. खात्याच्या उताऱ्याचा अर्ज पहिल्याच भेटीत लिहून घ्यायला काय हरकत आहे? उतारा मागणं म्हणजे नवऱ्यावर केस करणं नव्हे. हे तिला सांगावं लागतं, कारण तिला तशी भीती घातलेली असते.

अर्ज लेखीच द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा उतारा हवा ते लिहावं. पैसे परस्पर काढल्याचा संशय असेल तर त्या दिवसाची पैसे काढण्याची स्लिपही मागावी. अंगठा कोणाचा, हे तिच्यावरच दिसेल. साधी झेरॉक्स घेऊन येऊ नये. १८९१ च्या बँक दप्तर पुरावा कायद्याप्रमाणे प्रमाणित प्रत कोर्टात चालते. संगणकावरून काढलेल्या उताऱ्याला वेगळा दाखला जोडावा लागतो. रेकॉर्ड नाही म्हणत असतील तर तेही लेखी मागावं. तोंडी ‘नाही’ म्हणणाऱ्याला सहीनिशी ‘नाही’ लिहायची वेळ आली की पुष्कळदा कपाट उघडतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. सरकारी आणि ग्रामीण बँकेत दहा रुपये भरून माहिती अधिकारातही स्वतःच्या खात्याची माहिती मागता येते. सहकारी संस्था सरसकट या कायद्याखाली येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली म्हटलं, त्यामुळे सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत हा रस्ता धरू नये.

नवऱ्याचं खातं ही वेगळी गोष्ट. ते बँक आपल्याला दाखवणार नाही, आणि दाखवू नये. उद्या तोच नियम बाईच्या खात्यालाही राखण करतो. तिथे कोर्टातूनच जावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि बँक खाती प्रतिज्ञापत्रावर सांगण्याचं बंधन घातलं. ‘मी बेकार आहे’ म्हणणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात खातं गाळलेलं दिसलं, तर वकिलांना १८९१ च्याच कायद्याखाली त्या बँकेचा उतारा मागवण्याचा अर्ज द्यायला सांगावं. त्यासाठी बँकेचं आणि शाखेचं नाव लागतं. ते बाईला बहुधा माहीत असतं, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं.